मदत हवी आहे: जैवविविधता नोंदवहीत तितराचं शास्त्रीय नाव कोणतं लिहू?

नमस्कार. आमच्या ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही लिहिणं चालू आहे (यवतमाळ जिल्हा). पक्ष्यांची पानं माझ्याकडे आहेत. मोर, भारद्वाज, टिटवी सगळं झालं, तितरापाशी अडलो.

तुरीच्या वावरात, धुऱ्यावर सकाळी 'कतीतर-कतीतर' ओरडतं ते राखी तितर. जुन्या पुस्तकात त्याचं नाव फ्रँकोलिनस पाँडिसेरियानस आहे, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ऑर्टिगॉर्निस पाँडिसेरियानस. १७८९ साली ग्मेलिन या निसर्गशास्त्रज्ञानं त्याला टेट्राओ वंशात (नावाचा पहिला शब्द म्हणजे वंश) ठेवलं होतं म्हणे, म्हणजे थंड मुलखातल्या ग्राउज पक्ष्यांसोबत!

दुसरं तितर गावाबाहेरच्या बरडावर, उंच गवतात. त्याचा आवाज खरखरीत, आणि आमचे गुराखी सांगतात की ते पावसाळ्यातच ओरडतं. एकदा नीट दिसलं: तोंड तांबूस, काळपट अंगावर पांढरे ठिपके. मी रंगीत तितर समजतो, फ्रँकोलिनस पिक्टस. पण याचं नाव अजून फ्रँकोलिनसच कसं? एकाच शिवारातली दोन तितरं वेगवेगळ्या वंशात कशी? ही वही पुढे कोणीतरी आधार म्हणून उघडणार आहे, गुराख्यांनी इतकं बारकाईनं सांगितलेलं माझ्या हातून चुकीच्या नावाखाली जायला नको. जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तर:

दादा, ई-बर्ड बरोबर आहे. पूर्वी पिसारा, चोच, पायाची आर (मागचा टोकदार काटा) पाहून आफ्रिकेतल्या ३६ आणि आशियातल्या ५ जाती एकाच फ्रँकोलिनस वंशात धरत. डीएनए तपासल्यावर तो वंश फुटला. आफ्रिकेतल्या बऱ्याच जाती लाव्यांच्या जवळच्या निघाल्या, त्या टेरनिस्टिस वंशात गेल्या. आपली दोन्ही तितरं मात्र रानकोंबड्याच्या बाजूची. त्यातही रंगीत तितर काळ्या तितराचं सख्खं, दोघांचे प्रदेश भिडतात तिथे संकरही होतो, म्हणून ते फ्रँकोलिनसमध्येच राहिलं. राखी तितराचं नातं तराईतल्या दलदलीच्या तितराशी आणि आफ्रिकेतल्या तुरेवाल्या तितराशी जुळलं, म्हणून ऑर्टिगॉर्निस. युरोपातलं पर्डिक्स वंशातलं तितर तर लांब शेपटीच्या फेझंट पक्ष्यांच्या जवळचं. इंग्रजीत हे सगळे पार्ट्रिज, पण घराणी तीन.

नवीन नाव लिहा आणि शेजारी जुनंही द्या, म्हणजे जुनं पुस्तक हातात असलेल्यालाही सापडेल. ओळखीसाठी पाय पाहा: राखी नराला आर असते, रंगीतला नसते. गुराख्यांनी सांगितलेला ओरडण्याचा काळ तर महिन्यांसकट लिहाच, ती माहिती पुस्तकांत गावागावाची मिळत नाही.

एक विनंती. अंडी घालायच्या जागा नोंदवहीत लिहू नका. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद असली तरी तितराला फासे लागतातच, आणि ही वही कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.