मदत हवी आहे: स्क्रीनवरचे रंग प्रिंटमध्ये येतच नाहीयेत

नमस्कार मंडळी, आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत म्हणून अल्बम करून राहिलो आहे, नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी काढलेले फोटो आहेत, आईची मोरपंखी साडी लॅपटॉपवर इतकी सुंदर दिसते आणि सीताबर्डीच्या एका लॅबमधून प्रिंट आणली तर साडी मळकट निळी अन् दोघांचे चेहरे काळपट, फार वाईट वाटलं.

स्क्रीन स्वतः उजेड फेकते आणि कागदावर शाईच, त्यामुळे काही रंग छपाईत बसतच नाहीत हे कळतं मला, पण चेहरे तरी नीट यावेत ना. ब्राइटनेस फुल असायचा तो निम्म्यावर आणला, फाइल अ‍ॅडोबी आरजीबीत (जास्त रंग मावणारी रंगपद्धत) होती ती एसआरजीबीत (नेहमीची, बहुतेक स्क्रीनवर चालणारी रंगपद्धत) केली, थोडा फरक पडला. प्रिंटही आता ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीपाशी दिवसाउजेडी बघतो.

आता लॅबकडून त्यांच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) मागून सॉफ्ट प्रूफिंग करावं, म्हणजे प्रिंट कशी येईल ते आधी स्क्रीनवरच बघावं, का आधी मॉनिटर कॅलिब्रेट करावा, म्हणजे त्याचे रंग यंत्राने मोजून नीट करून घ्यावेत? आणि नागपुरात कॅलिब्रेटर (ते रंग मोजायचं यंत्र) कोणी भाड्याने देतं का? एकदाच लागणार आहे, विकत घेणं परवडत नाही.