केव्ह डायव्हिंगचं प्रमाणपत्र: नुसत्या डाइव्ह्ज मोजू नका

ठरलेल्या डाइव्ह्ज झाल्या, सगळे ड्रिल्स एकदा जमले की केव्ह डायव्हिंगचं, म्हणजे पाण्याखालच्या गुहांत शिरण्याचं, प्रमाणपत्र द्यायला हरकत नाही, हे मला अजिबात पटत नाही. डोळे झाकून, गुहेत वाट दाखवायला लावलेल्या दोरीच्या आधारानं बाहेर येणं, जोडीदाराला हवा देणं हे सरावानं बहुतेकांना जमतं. प्रशिक्षक म्हणून मी बघतो ते वेगळंच. हवेचा एक हिस्सा आत जायला, दुसरा परतायला, तिसरा राखीव; तो पहिला एक तृतीयांश वापरून झाला की विद्यार्थी स्वतःहून परत फिरतो का? माझ्या खुणेची वाट बघत राहिला, तर माझ्याशिवाय आत जाण्याइतकी त्याची तयारी झालेली नाही.

आणि गडबडीत त्याचे पाय कुठे जातात? पाठीवरच्या टाकीच्या व्हॉल्व्हकडे हात नेताना गुडघे खाली आले की पायातली फिन तळाच्या गाळाला लागते, पाणी गढूळ होतं, क्षणात दोरीही दिसेनाशी होते. फ्लोरिडात जिनी स्प्रिंग्जच्या गुहांमधून बाहेर वाहणारा प्रवाह परतीला मदत तरी करतो. मेक्सिकोत युकातानच्या बहुतेक सेनोट्समध्ये, म्हणजे चुनखडीतल्या पाण्यानं भरलेल्या विवरांमध्ये, प्रवाह मंद असतो. तिथे घाबरलेला जोडीदार धापा टाकायला लागला की राखीव तिसरा हिस्सा बघता बघता संपतो.

म्हणून जरा जरी शंका आली तरी मी थांबवतो. फी भरलेली असते, विद्यार्थी नाराज होतो, होऊ दे. आधी गुहेच्या तोंडाशी, बाहेरचा उजेड दिसतो त्या टप्प्यातच राहून ट्रिम, म्हणजे पाण्यात शरीर आडवं ठेवणं, सुधारून ये, असं सांगतो.