मदत हवी आहे : ऑइल बाथमधील तेल दाटले आहे

नमस्कार. जालन्यातील एका लहान प्रयोगशाळेत मी तापमापकांचे कॅलिब्रेशन करतो, म्हणजे त्यांचे वाचन संदर्भ तापमापकाशी ताडून पाहतो. आमच्या ऑइल बाथमध्ये (तापमापक बुडवून तपासण्याची गरम तेलाची टाकी) सिलिकॉन तेल असून, तो १५० अंश सेल्सिअसला स्थिर केल्यावरही संदर्भ पीटी-१०० चे (प्लॅटिनमचा अचूक तापमापक) वाचन तळाशी आणि पृष्ठभागाजवळ सुमारे ०.३ अंशांनी वेगळे येते. स्टररचा पंखा फिरतो, पण तेल काकवीसारखे दाटले आहे, त्यामुळे ते नीट ढवळले जात नसावे, असा माझा कयास आहे. तेल बदलताना जुन्याचा थर टाकीत राहिला तर चालतो का, आणि अतितापमान कट-आउट (तापमान फार वाढल्यास हीटर बंद करणारी सोय) नव्या तेलाच्या फ्लॅश पॉइंटच्या, म्हणजे तेलाची वाफ ठिणगीने पेटू शकते त्या तापमानाच्या, किती खाली लावावा? तापल्यावर तेल फुगते, तेव्हा थंड असताना टाकी किती रिकामी ठेवता? मागच्या आठवड्यात ओलसर प्रोब (तापमापकाची तेलात बुडवायची कांडी) बुडवला आणि तेल तडतडून थेट हातमोज्यावर उडाले. नशीब, मोजा जाड होता.