शब्दचर्चा: बुरशीनाशक की बुरशीरोधक?

दवबिंदू: एका प्रबंधाचा मराठी सारांश तपासायला आलाय. विषय आहे ओव्याचं तेल आणि त्यातलं थायमॉल, कँडिडा अल्बिकन्स या संसर्गजन्य यीस्टवर. 'अँटिफंगल'ला सरसकट 'बुरशीनाशक' म्हटलंय, एमआयसीला (मिनिमम इनहिबिटरी कॉन्सन्ट्रेशन) 'किमान नाशक मात्रा', आणि तेलाला कुठे 'अर्क' तर कुठे 'सत्त्व'. काय ठेवू?

कवकजाल: 'नाशक' आधी काढा. एमआयसी म्हणजे वाढ रोखणारी सर्वांत कमी पातळी. पद्धत बघा: मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापावर ०.५ भरेल इतकं गढूळ पेशीद्रावण (मिलिलिटरमागे १० ते ५० लाख पेशी) आधी ५० पट, मग २० पट पातळ करतात. ९६ घरांच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर औषधावर ते १०० मायक्रोलिटर घालतात. म्हणजे घरात मिलिलिटरमागे ५०० ते २,५०० पेशी उरतात. ३५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवल्यावर घर नितळ दिसलं, तर वाढ झाली नाही एवढंच कळतं. पेशी मेल्या की दबा धरून बसल्या, हे त्यातून कळत नाही. म्हणून 'किमान रोधक संहती' (संहती म्हणजे कॉन्सन्ट्रेशन).

'मात्रा' रुग्णाला देतात, प्लेटच्या घरात असते ती संहती. 'तीव्रता' लिहिलंत तर तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लाशी गल्लत होईल.

शेतशिवार: शिवाय 'बुरशीनाशक' हा शब्द कृषी सेवा केंद्रांनी कधीच घेतलाय. द्राक्षबागायतदाराच्या डोळ्यांपुढे मॅन्कोझेबची पुडी येते. तिथेही तो ढोबळच आहे म्हणा. बोर्डो मिश्रण रोग शिरण्याआधी फवारायचं असतं, पानात शिरलेल्या बुरशीला ते गाठत नाही.

दवबिंदू: पण या प्रबंधात नितळ घरांतला थेंब औषध नसलेल्या सॅबुरो आगरवर (बुरशी वाढवायच्या घट्ट माध्यमावर) टाकलाय. वाढ आली नाही. मग तरी 'नाशक' म्हणावं ना?

कवकजाल: किती थेंब आणि किती पेशी, ते विचारा. 'नाशक' म्हणायला सुरुवातीच्या पेशींपैकी ९९.९ टक्के मेल्याचं दाखवावं लागतं, म्हणजे हजारात एकच उरावी. तुमच्या प्लेटच्या एका घरात ०.२ मिलिलिटर द्रावण, म्हणजे सगळ्या मिळून १०० ते ५०० पेशी. त्यातले २० मायक्रोलिटर आगरवर गेले की मूळ हिशोबात १० ते ५० पेशी आल्या. पन्नासांतून हजारात एकाचा हिशोब कसा काढणार? शून्य वसाहती दिसल्या तरी तो दावा टिकत नाही. त्यासाठी मिलिलिटरमागे लाखभर पेशींनी सुरुवात करून ठरावीक तासांनी नमुने घ्यायचे आणि जिवंत पेशींचा आलेख काढायचा.

दुसरी गोची अशी की थेंबाबरोबर थायमॉलही आगरवर जातं आणि तिथेही वाढ दाबून धरतं. नमुना पातळ करून किंवा पेशी धुऊन घेतल्याचा उल्लेख नसेल, तर सारांशात 'रोधक' हाच प्रामाणिक शब्द. आणि 'रोधक' म्हणजे कमअस्सल नव्हे. फ्लुकोनॅझोल कँडिडावर रोधकच आहे. अँफोटेरिसिन बी मात्र नाशक.

दोन्ही गुण पोटात घेणारा शब्द हवा असेल तिथे 'बुरशीविरोधी'.

तेलघाणा: अर्क आणि सत्त्वाचं. आयुर्वेदात अर्क म्हणजे ऊर्ध्वपातन करून काढलेलं पाणी. प्रयोगशाळेत मात्र इथेनॉलमध्ये भिजवून गाळलेल्यालाही अर्क म्हणतात. म्हणून द्रावकाचं नाव जोडा: 'इथेनॉलमधील अर्क', 'जलीय अर्क'. वाफेवर काढलं ते 'बाष्पशील तेल'. थायमॉल म्हणजे बाजारातलं ओवाफूल, ते एकच 'संयुग'. तेल हे संयुगांचं मिश्रण. दोन्हींचे आकडे एकाच रकान्यात आले तर शब्दही घसरतो, तुलनाही.

आणि या तेलाची खोड लक्षात ठेवा. ते पेशी वाढवायच्या पाणीदार माध्यमात मिसळत नाही, म्हणून आधी डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवतात. शेवटच्या घरात डीएमएसओ १ टक्क्याच्या वर नको, आणि नुसत्या डीएमएसओचं एक घर तुलनेला हवंच. तेल फुटून पांढुरकं झालं तर वाचणारा त्याला वाढ समजतो. उलट थायमॉलची वाफ शेजारच्या घरात जाऊन तिथली वाढ थांबवते. प्लेटला चिकटपट्टी लावली नसेल, औषधाविना ठेवलेली घरं लगतच असतील, तर आकडे संशयास्पद. सारांशात 'बंद प्लेट' हे दोन शब्द असतील तर ते गाळू नका.

शेतशिवार: 'झोन ऑफ इन्हिबिशन' (आगरवर औषधाभोवती वाढ न झालेलं वर्तुळ) आलंय का? 'रोधवलय' लिहा. 'वलय मोठे, म्हणून तेल अधिक प्रभावी' असं वाक्य दिसलं तर खूण करून परत पाठवा. वलय किती पसरेल ते पदार्थ आगरमधून किती झिरपतो यावरही ठरतं, आणि तेल झिरपायला नाखूष.

दवबिंदू: एक राहिलं. 'रेझिस्टंट' कँडिडाला 'प्रतिरोधक' म्हटलंय. शेजारच्याच ओळीत तेल 'रोधक'.

कवकजाल: वाचक गोंधळणारच. बुरशीबद्दल 'औषधाला दाद न देणारी' लिहा, मराठीत हे सहज बसतं. तक्त्यात जागा कमी असेल तर 'औषधरोधी'. कँडिडाला जमलं तर 'यीस्ट' किंवा 'किण्व' म्हणा. 'बुरशी' म्हटलं की वाचकाला पावावरची केसाळ वाढ दिसते. संपूर्ण गटासाठी 'कवक'.

दवबिंदू: मग असं: 'बंद प्लेटमधील चाचणीत ओव्याच्या बाष्पशील तेलाने कँडिडा अल्बिकन्स या यीस्टची वाढ १०० टक्के नष्ट केली.'

तेलघाणा: वाढ नष्ट होत नाही, थांबते. 'वाढ पूर्णपणे रोखली', आणि पुढे संहती एककासकट.