मुख्य गायक सोडून दुसऱ्यानं गायलं की ती 'भरती'?

चारभिंती (सातारा):
काल इथं एकानं लिहिलं, "बँडच्या मुख्य गायकाशिवाय दुसऱ्यानं गायलेलं गाणं म्हणजे अल्बम भरायला टाकलेली भरती. मी सरळ पुढं ढकलतो." फार लागलं हे, म्हणून सविस्तर लिहितोय.

ब्रिटिश रॉक बँड क्वीनचा १९७५चा अल्बम 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' काढा. 'आय अॅम इन लव्ह विथ माय कार' ड्रमर रॉजर टेलरनं लिहिलं आणि स्वतःच गायलं. तिथं मनातल्या मनात मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरीचा आवाज लावून बघा. नाही बसत. गाडीवर जीव टाकणाऱ्या माणसाला तो खरबरीत, ताणलेला गळाच पाहिजे. त्याच अल्बमवर गिटारवाल्या ब्रायन मेचं 'थर्टी नाइन'. अंतराळात गेलेला माणूस फक्त एका वर्षानं मोठा होऊन परततो आणि इथं पिढ्या सरलेल्या असतात. मे ते अगदी साधेपणानं सांगतो म्हणून आत जातं. ही भरती?

आयर्विनपूल (सांगली):
तो 'एक' मीच. नाव घेऊन बोला की.
'थर्टी नाइन' मैफलीत फ्रेडीच गायचा. समोर माणसं बसली की खरा गायक लागतो. आणि टेलरचं गाणं फ्रेडीच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या सिंगलवर, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, मागच्या बाजूला लागलं, त्यामुळं त्याला फ्रेडीइतकीच रॉयल्टी मिळत राहिली. बँडात धुसफूस झाली त्यावरून. हा वशिला झाला, गुण नव्हे.

पोवईनाका (सातारा):
मागची बाजू म्हणजे वशिला? मग 'बेथ'चं काय? अमेरिकन रॉक बँड किसच्या ड्रमरनं, पीटर क्रिसनं गायलेलं, १९७६चं. तेही मागच्याच बाजूला होतं. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून वाजवली आणि गाणं अमेरिकेत ७व्या नंबरवर गेलं. त्याच्या वर किसचं दुसरं कुठलंच गाणं तिथं गेलं नाही. लोकांनी निवडलं ते, लगा.

हळदपेठ (सांगली):
पैशाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. गणपतीत सुपारी असली की गायकाचा घसा बसायचा आणि मग "तू घे रे दोन गाणी". दोनाची सहा व्हायची. पाकीट मात्र गायकाचंच. एका आयोजकाला विचारलं तर म्हणाला, वाजवायचे घेतलेस ना? मॉनिटर, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकायचा स्पीकर, गायकापुढं, आम्ही आपला आवाज अंदाजानं लावायचा.

आयर्विनपूल:
याचा रॉकशी काय संबंध?

हळदपेठ:
मागं बसलेल्याचा आवाज फुकट, हा संबंध.

मिरजेचा_तंबोरा:
तसं कसं म्हणता? आमच्याकडं मैफलीत शिष्य तंबोरा घेऊन मागं बसतो, गुरुजी श्वास घ्यायला थांबले की सूर भरतो. त्याला कुणी हलकं समजत नाही.

हळदपेठ:
त्याला पाकीट मिळतं का ते सांगा.

मिरजेचा_तंबोरा:
ती तालीम असते हो, व्यवहार नव्हे. गुरूसमोर बसून गायला मिळणं हीच कमाई. हे तुमच्या सुपारीवाल्या धंद्यात नाही कळायचं.

हळदपेठ:
धंदा म्हणू नका काका. त्या सुपारीवर घर चालवलंय. आमचा आयोजकही हेच म्हणायचा, स्टेज मिळतंय ना, शिक. पोटाला काय शिकवायचं?

मिरजेचा_तंबोरा:
धंदा हा शब्द मागं घेतो. बाकी काही नाही.

आयर्विनपूल:
झालं असेल तर मुद्द्यावर या. अमेरिकन बँड ईगल्सचा बेसवाला रँडी माइझनर. 'टेक इट टू द लिमिट'च्या शेवटचे वरचे सूर रोज लागतील का, या धास्तीनं तो ते गायला नको म्हणायचा. १९७७च्या दौऱ्यात यावरून बँडमधल्याच ग्लेन फ्रायशी हातघाईवर आलं आणि माणूस बँड सोडून गेला. ज्याचं काम त्यानंच करावं.

चारभिंती:
भांडण का झालं ते बघा ना! लोकांना ते गाणं त्याच्याच तोंडून हवं होतं, म्हणून फ्राय मागं लागला होता. भरतीच्या गाण्यासाठी कोण हातघाईवर येईल? आणि त्याच्या जागी टिमथी श्मिट आला, तोही बेसवाला, त्याला 'आय कान्ट टेल यू व्हाय' गायला दिलं. हेन्ली आणि फ्राय हे दोघं मुख्य गायक हजर असताना.

आता बीटल्सचा ड्रमर रिंगो घ्या. त्याच्या गळ्याची झेप बँडची गाणी लिहिणाऱ्या लेनन-मॅकार्टनीला पक्की ठाऊक होती, म्हणून 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स'ची चाल मोजक्या सुरांत बांधली. शेवटच्या वरच्या सुराला तो बिचकत होता, तर बाकीचे तिघं रेकॉर्डिंगला त्याच्याजवळ उभे राहिले.

आयर्विनपूल:
आणि १९६८ला ब्रिटिश गायक जो कॉकरनं तेच गायलं तेव्हा गाणं काय चीज आहे ते कळलं.

चारभिंती:
कॉकर जबरदस्तच. पण ते गाणं विचारतं काय? मी बेसूर झालो तर उठून जाल का? कॉकरसारख्या गळ्याच्या माणसाला ही भीती कशाला असेल? रिंगोला ती खरोखर होती. म्हणून त्याच्या तोंडी तो प्रश्न खरा वाटतो. गाणं ज्याचं असतं त्याचा गळा किती मोठा हे बघायचं नसतं.

आयर्विनपूल:
बरं, रिंगो दिला तुम्हाला. तेवढाच. टेलर नाही म्हणजे नाही. आणि आता कुणी रोलिंग स्टोन्सच्या गिटारवाल्या कीथ रिचर्ड्सनं गायलेलं 'हॅपी' घेऊन येऊ नका.

पोवईनाका:
आणणारच. १९७२, अल्बम 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'. बँडमधले बाकीचे यायच्या आधीच कीथनं सॅक्सवाला बॉबी कीज आणि ड्रमवर निर्माता जिमी मिलर यांना घेऊन उभं केलेलं गाणं. बोला, यात भरती कुठं दिसते?