मदत हवी आहे: बाबांचं डायलिसिस सेंटर बदलावं का? (नागपूर, मानेवाडा भाग)

नमस्कार. बाबा ६७ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. शुगर आणि बीपीमुळे दोन्ही किडन्या निकामी झाल्या. गेल्या ऑगस्टपासून मंगळ-गुरू-शनि असं घराजवळच्या एका छोट्या सेंटरवर डायलिसिस सुरू आहे. डाव्या हाताचा फिस्टुला (सुया टोचण्यासाठी ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) चांगला चालतो. महात्मा फुले योजनेत होतं, म्हणून खर्चाचं ओझं नाही. सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बाबांना परवा तिथेच जायचं आहे.

फेब्रुवारीपर्यंत काहीच तक्रार नव्हती. त्या जागेनेच बाबांना उभं केलं, हे मी विसरणार नाही. तिथल्या एका सिस्टरच्या हाताला असं वळण होतं की सुई एकदाच टोचायची, बाबांना कळायचंही नाही. मार्चमध्ये त्या सोडून गेल्या, पाठोपाठ एक टेक्निशियनही गेले. आता सकाळच्या पाळीत आठ मशीन आणि बघायला एकच माणूस.

माझी मोठी काळजी वेळेची आहे. बाबा साडेसहाला मशीनवर जातात आणि पावणेदहाला त्यांना काढतात. म्हणजे सव्वातीन तास. फाइलवर मात्र चार तास लिहिलेले असतात. विचारलं तर उत्तर येतं, "ताई, काकांचं पाणी निघालं सगळं, पुढचा पेशंट बाहेर बसला आहे." अंगातलं जादा पाणी निघतं हे खरं. पण शेवटच्या अर्ध्या तासात पोटऱ्यांत गोळे येतात, बीपी ९० च्या खाली जातं. पूर्वी डायलिसिसच्या दिवशीसुद्धा बाबा दुपारी चारला उठून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचे. आता दिवे लागेपर्यंत पडून असतात.

दुसरं, गेल्या महिन्यात दोनदा मशीनवर असतानाच त्यांना थंडी वाजून अंग थरथरलं. इंजेक्शन दिलं, वरून ब्लँकेट घातलं, झालं. त्याच पाळीतल्या एका आजींनाही दोन्ही वेळा तसंच झालं. किडनीचे डॉक्टर एप्रिलपासून मला एकदाही दिसलेले नाहीत.

बाबा बदलायला तयार नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या काकांशी त्यांची गट्टी जमली आहे, "तिथे माझी खाट आहे" म्हणतात. मलाही धाक वाटतो. धंतोली-रामदासपेठेकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तर मे महिन्याच्या उन्हात, बीपी पडलेलं असताना, ऑटोने परत आणायचं कसं? मी काय बघू, कोणाला विचारू? मी उगाच घाबरते आहे का?

प्रतिसाद १
ताई, उगाच नाही. माझ्या मिस्टरांचं सहा वर्षांपासून चालू आहे, म्हणून सांगते. आधी थंडीचं बघा. एकाच पाळीत दोघांना थंडी वाजली की पहिला संशय मशीनला येणाऱ्या पाण्यावर जातो. चार तासांत साधारण १२० लिटर पाणी रक्ताच्या शेजारून वाहतं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. आरओ प्लांटच्या पाण्याचा कल्चर (जंतूंची तपासणी) आणि एंडोटॉक्सिनचा (जंतूंच्या विषाचा) रिपोर्ट दर महिन्याला व्हायला हवा, शेवटचा कधी झाला ते दाखवा म्हणा. डायलायझर (रक्त गाळणारी नळी) धुऊन पुन्हा वापरत असतील तर त्यावर बाबांचं नाव आणि कितवा वापर ते लिहिलेलं आहे का, तेही बघा. आणि पुन्हा थरथर झाली तर अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर घ्यायला लावा. नुसत्या ब्लँकेटवर घरी येऊ नका.
बाबाजींचं वजन किती, आणि एका वेळी पाणी किती काढून राहिले?

धागाकर्ती
ड्राय वेट (जादा पाणी निघाल्यावरचं वजन) ५८ किलो. उन्हाळ्यात तहान आवरत नाही, म्हणून साधारण तीन लिटर.

प्रतिसाद २
मी डायलिसिस टेक्निशियन आहे, दुसऱ्या शहरात. गोळे का येतात ते या आकड्यांतच आहे. तीन लिटर सव्वातीन तासांत काढले, तर किलोमागे तासाला जवळपास १६ मिली होतात. हा आकडा १३ च्या आत ठेवायचा असतो. पूर्ण चार तास दिले तर तो १३ च्या किंचित खाली येतो. म्हणजे चार तास हा तुमचा हट्ट नाही, बाबांच्या हृदयासाठी ते हवेत. शिवाय पाणी निघालं म्हणजे रक्त साफ झालं असं नसतं. एका दिवशी डायलिसिसच्या आधी आणि नंतर रक्तातला युरिया (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) तपासा. तो निदान ६५ टक्के उतरला पाहिजे. नाही उतरला तर तो कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसा.

प्रतिसाद १
आणि जागा सोडायची घाई करू नका. मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटीत किडनीचा विभाग आहे, तिथे एकदा दाखवून घ्या. दुसरीकडे योजनेतली सकाळची पाळी रिकामी आहे का, ते त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. पाळी हातात आली की मगच इथली सोडा. मधला एक दिवससुद्धा चुकू देऊ नका.

धागाकर्ती
खूप आभार. हिशोब बाबांना कागदावर मांडून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे रोजचे पाऊण तास आपले बुडाले." एसटीत जन्म काढला आहे, वेळेचं त्यांना लगेच पटतं. गुरुवारी स्वतःच चार तास मागणार आहेत. युरियाची दोन्ही सॅम्पलं त्याच दिवशी देऊ, पाण्याचा रिपोर्ट मी मागते. मानेवाडा, सक्करदरा किंवा नंदनवनकडे योजनेतली सकाळची पाळी कुठे रिकामी असल्याचं कोणाला कळलं, तर इथे लिहा.