शेवटचे दोन महिने कशाला द्यायचे: साधर्म्य अहवालाला की तिसऱ्या प्रकरणाला?

गोदाकाठ
नाशिकमधले पीएचडीवाले आणि एमए, एमकॉमच्या शेवटच्या सत्रातले प्रकल्पवाले सध्या एकाच काळजीत दिसतात: साधर्म्य, म्हणजे प्रबंधातला दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळणारा मजकूर, 10 टक्क्यांच्या खाली कसं आणायचं. माझ्या मते हा वेळ चुकीच्या जागी चालला आहे. मौखिकीत, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, प्रबंध अडकतो तो तिसऱ्या प्रकरणात, संशोधनपद्धतीत. आणि नेमकं तेच प्रकरण जुन्या प्रबंधावरून घाईघाईत उतरवलेलं असतं.

उदाहरण घ्या. विषय आहे निफाड तालुक्यातल्या द्राक्ष उत्पादकांचा खर्च आणि विक्री. शेतकरी 10,000 धरले, त्रुटीची मर्यादा 5 टक्के, आणि किती जणांना विचारायचं हे काढणाऱ्या यामाने यांच्या सूत्रात आकडे घातले: 10,000 भागिले (1 + 10,000 × 0.05 × 0.05), म्हणजे 10,000 भागिले 26, म्हणजे 385. गणित बरोबर आहे. पण या सूत्रामागे यादृच्छिक निवड, म्हणजे पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी निवड, गृहीत आहे. प्रश्नावल्या मात्र बाजार समितीच्या आवारात भेटतील त्यांच्याकडून भरून घेतल्या. द्राक्षाचा सौदा तर बहुतेक वेळा बागेतच होतो! म्हणजे ज्यांच्या विक्रीचा अभ्यास करायचा, तेच नमुन्यातून गळाले. परीक्षकाचा पहिलाच प्रश्न असतो, "385 नावं कोणत्या यादीतून काढली?" यादीच नसेल तर पाचव्या प्रकरणातला "तालुक्यातील शेतकऱ्यांना असे वाटते" हा निष्कर्ष उभा राहत नाही.

सातपूर_वाणिज्य
मुद्दा मान्य, क्रम अमान्य. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत साधर्म्य 10 ते 40 टक्के असेल तर सुधारून पुन्हा द्यावं लागतं, त्यासाठी जास्तीत जास्त 6 महिने. 40 ते 60 असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. 60 च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. मौखिकी या सगळ्यानंतर येते. तिथवर पोचलाच नाहीत तर 385 चा हिशेब विचारणार कोण?

गडबड होते ती अहवाल शेवटी एकदाच काढल्यामुळे. प्रत्येक प्रकरण संपलं की तपासून घ्या. संदर्भसूची, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजणीतून वगळली जातात. सर्वसामान्य माहितीचे सलग 14 शब्दांपर्यंतचे जुळणारे तुकडेही. ही वगळणी नीट लावून घेतली नाही तर आकडा उगाच फुगतो. बाकीचं साधर्म्य बहुधा दुसऱ्या प्रकरणात सापडतं, कारण पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे मूळ लेखांचे सारांश एकाखाली एक चिकटवलेले असतात. लेख वाचा, बाजूला ठेवा, आणि लेखकाने काय शोधलं, कुठे, किती जणांवर, एवढं आपल्या वाक्यांत लिहा. शब्दांना प्रतिशब्द बसवत गेलात तर संज्ञाही बदलून जातात. मग तिसऱ्या प्रकरणात "नमुना" आणि चौथ्यात "मासला" असा घोळ होतो.

अक्षरजुळणी
तुम्ही दोघंही प्रबंध इंग्रजीत आहे असं धरून बोलताय. मराठीतल्या प्रबंधाचं दुखणं वेगळंच आहे. तो कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला असेल, तर साधर्म्य तपासणाऱ्या प्रणालीला त्यात मराठी दिसतच नाही, नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तो अहवाल 0 टक्के दाखवो की 2, त्याला काही अर्थ नाही. पुढे तीच फाइल शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, गेली की शोधूनही सापडत नाही.

मजकूर पहिल्या पानापासून युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. जुनं रूपांतरित करायचं असेल तर रफार, पहिली वेलांटी आणि "ऱ्या" डोळ्यांनी तपासा. "शेतकऱ्यांचे"चं "शेतक-यांचे" झालेलं पानोपानी सापडतं. आणि युनिकोड असला तरी तुलनेसाठी मराठी साहित्य इंग्रजीच्या मानाने थोडंच उपलब्ध आहे, तेव्हा कमी टक्क्यावर विसंबू नका. मराठी प्रबंधाची खरी तपासणी मार्गदर्शकाच्या वाचनातच होते.

गोदाकाठ
सातपूर, प्रकरणागणिक अहवाल काढायचा हे मान्य. पण मग शेवटचे दोन महिने मोकळेच राहतात की नाही? ते पद्धतीलाच द्या. आता नमुना बदलता येत नाही, निष्कर्षाची मर्यादा मात्र लिहिता येते. "हे निष्कर्ष फक्त पाहणीतल्या उत्पादकांपुरते आहेत, निवड सोयीची होती" ही कबुली तिसऱ्या प्रकरणात आधीच असेल तर मौखिकीत बचाव करायची वेळ येत नाही. परीक्षक ते वाचून आलेला असतो.

निफाडकर
मला हे दोन्ही पुरेसं वाटत नाही. 2022 च्या युजीसी नियमांप्रमाणे प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बहिःस्थ परीक्षकांकडे जातो. त्यांच्या अहवालातच निम्मी मौखिकी असते. तयारी तिथून करा: प्रत्येक शेऱ्यापुढे लेखी उत्तर, पान क्रमांक, आणि दुरुस्ती केली असेल तर जुनं आणि नवं वाक्य शेजारी शेजारी.

त्याआधी तक्ते जुळवा. तक्ता 4.3 मध्ये एकूण 385 आणि 4.11 मध्ये 379 असेल, तर ते सहा जण कुठे गेले हे तक्त्याखालीच लिहा: उत्तर दिलं नाही, की लागू नव्हतं. आकडेवारीचं सॉफ्टवेअर एसपीएसएस, निदान त्याच्या जुन्या आवृत्त्या, पी-मूल्य (खरा फरक नसताना असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) 0.000 छापतं म्हणून तसंच उतरवू नका, ही शक्यता शून्य नसते, "0.001 पेक्षा कमी" लिहा. प्रत्येक गृहीतकासमोर कोणती चाचणी लावली, का लावली आणि तक्ता कोणता, असा एक पानाचा कागद हातात ठेवा. स्लाइड 15 पुरतात. त्यातल्या सहा-सात निष्कर्षांना द्या, विषयाच्या ओळखीला दोनपेक्षा जास्त नको.

सातपूर_वाणिज्य
तो एक पानाचा कागद परिशिष्टात जोडा, म्हणजे परीक्षकालाही मिळेल. आणि मौखिकी विभागातले शिक्षक आणि इतर संशोधकांनाही खुली असते. आपली होण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी मौखिकीला जाऊन बसा. गोदाकाठ, तिथे पद्धतीवर किती वेळ जातो ते मोजा. वाणिज्य शाखेत अर्धा वेळ संदर्भांवर जातो, या माझ्या मतावर मी ठाम आहे.